हैदराबादची पलटण, पण कुठली?

मंडळी, आजीचे एक चुलते लोहाऱ्याहून "हैदराबादच्या पलटणीत" गेले आणि सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले. परत आलेच नाहीत. घरात माहिती एवढीच.

गोची अशी, की १९४१ साली मलायात हैदराबाद नावाच्या दोन फौजा होत्या. १९वी हैदराबाद रेजिमेंट (तिची चौथी बटालियन) इंग्रजांची. भरती मुख्यतः कुमाऊंनी, जाट, अहीर. म्हणूनच १९४५ मध्ये ती कुमाऊं रेजिमेंट झाली. फर्स्ट हैदराबाद इन्फन्ट्री मात्र खुद्द निजामाची. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी कोटा भारूला उतरले, तेव्हा तिथल्या विमानतळावर हीच होती. लोहारा निजामाच्या राज्यात, म्हणजे शोध हिच्यापासून सुरू करायचा.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं; चाळीस हजारांच्या आसपास हिंदी सैनिक कैद झाले. मेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधता येतात. सिंगापुरात क्रांजीच्या स्मारकावर २४ हजारांवर नावं आहेत, अग्नी दिलेल्यांचं स्मारक मागे वेगळं. एकाच आडनावाची चार-पाच इंग्रजी स्पेलिंगं टाकून बघा. घरात जुनं पदक असेल तर मागची बाजू वाचा. हिंदी सैनिकांच्या पदकांवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते.

मला हवीय फक्त मृत्यूची तारीख. तारखेवरून तिथी काढता येते. तोवर त्यांचं पान सर्वपित्री अमावस्येलाच वाढलं जातं.