वन्य व पाळीव हरणाच्या मांसाची प्रत : दख्खनच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

उमरीसह नांदेड-लातूर परिसर हा काळविटांचा जुना प्रदेश होय. प्राणिशास्त्रदृष्ट्या काळवीट हे कुरंग आहे. सांबर-चितळाप्रमाणे त्याची शिंगे दरवर्षी गळत नाहीत. मराठीत मात्र दोहोंनाही 'हरीण' म्हणतात आणि प्रस्तुत लेखात तोच व्यापक अर्थ अभिप्रेत आहे. वन्य व पाळीव हरणाच्या मांसातील भेद हा केवळ आधुनिक मांसविज्ञानाचा विषय मानला जातो. आपल्या परंपरेत या प्रश्नाची मांडणी कशी झाली, याचा शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन विचार :

चरकसंहितेने मृगमांसात एणाचे, म्हणजे काळविटाचे, मांस श्रेष्ठ मानले आहे. सुश्रुतसंहिता याहून पुढे जाते. मनुष्यवस्तीपासून व पाण्यापासून दूर चरणाऱ्या पशुपक्ष्यांचे मांस अल्प अभिष्यंदी, तर वस्तीजवळ राहणाऱ्यांचे अधिक अभिष्यंदी, म्हणजे शरीरातील स्रोतसे अवरुद्ध करणारे, असे ती सांगते. येथे मांसाची प्रत प्राण्याच्या जातीइतकीच त्याच्या अधिवासावर व चरण्यावर अवलंबून मानली आहे.

दख्खनमधील मृगया :

लातूरपासून जवळच असलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' (इ. स. ११२९) या ग्रंथात मृगया व मांसपाक या दोहोंचे सविस्तर विवेचन आहे. पुढे 'ऐन-ए-अकबरी'त शिंगांना फास बांधून शिकविलेल्या हरणांकडून वन्य हरणे पकडण्याची पद्धत वर्णिली आहे. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. म्हणजे हरीण माणसाळविले गेले. परंतु शेळी-मेंढीप्रमाणे मांसासाठी त्याची पैदास करण्याची परंपरा येथे निर्माण झाली नाही. राजदरबारी शिकार हा विनोद होता, तर फासेपारध्यांसाठी तेच उपजीविकेचे साधन होते.

आधुनिक निकष :

तुलनेची खरी संधी न्यूझीलंडमध्ये निर्माण झाली. युरोपीय वसाहतकारांनी तेथे नेलेले लाल हरीण अनिर्बंध वाढून उपद्रवी ठरले. प्रथम वन्य मांसाची निर्यात झाली आणि १९६९ साली हरीणपालनास कायदेशीर मान्यता मिळाली. पाळीव हरीण ठराविक कोवळ्या वयात कापले जाते, त्यामुळे मांस एकसारखे व मऊ मिळते. वन्य हरणाचे वय अनिश्चित असते. वयस्क नराचे मांस राठ असते. दोन्ही मांसांत चरबी अल्प असते. मात्र धान्यावर पोसलेल्या हरणात ती वाढते.

तथापि मरणाची रीत हा तितकाच महत्त्वाचा घटक आहे. स्नायूंतील ग्लायकोजेनपासून मरणोत्तर लॅक्टिक आम्ल तयार होते व मांसाचा सामू साधारणतः ५.५ पर्यंत उतरतो. धावून थकलेल्या वा फासात झटापट केलेल्या प्राण्यात ग्लायकोजेन संपलेले असते. सामू ६ च्या वर राहतो, मांस काळपट होते व लवकर नासते. या निकषावर दरबारी पाठलागाच्या शिकारीचे मांस उत्तम प्रतीचे असण्याची शक्यता कमी ठरते. उलट, कळपात निश्चिंत चरताना एका गोळीत पडलेल्या वन्य हरणाचे मांस, गाडीतून दूर नेताना भेदरलेल्या पाळीव हरणाच्या मांसापेक्षा सरस ठरू शकते.

कायदा व वर्तमान :

१९३२ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये सोडलेल्या काळविटांची तेथे आज कुंपणबंद कुरणांत जोपासना होते व मांस विकले जाते. भारतात मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट अनुसूची १ मध्ये असून त्याची शिकार व मांसविक्री हा गुन्हा आहे. संस्थानिकांची शिकार इतिहासात 'शौर्य' म्हणून नोंदली गेली. फासेपारध्यांवर मात्र ब्रिटिश अमदानीत 'गुन्हेगार जमात' असा शिक्का बसला. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी समाजाच्या मनातील संशय सरला नाही.

निष्कर्ष :

मांसाची प्रत 'वन्य' वा 'पाळीव' या नावावर ठरत नाही. आहार, वय व मृत्यूची रीत यांवर ठरते. पैकी आहार व अधिवास यांची जाण सुश्रुतास होती. मृत्यूच्या रीतीचे महत्त्व आधुनिक विज्ञानाने उलगडले. हरणांच्या कळपांनी पिके उद्ध्वस्त होत असल्याची मराठवाड्यातील शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. परंतु त्यावर हरीणपालनाचा उपाय सुचविताना, येथे हरणावरील हक्क कोणाचा मानला गेला आणि त्याची शिक्षा कोणी भोगली, हा इतिहास दृष्टिआड करता येणार नाही.