धावसंख्या कुणाच्या मालकीची?

आमच्या भंडारा जिल्ह्यात शंकरपट भरला म्हणजे माणसांचा पूर लोटतो. कुणाची बैलजोडी पहिली आली, ही वार्ता परतणाऱ्या पाहुण्यांबरोबर दिवेलागणीच्या आत चार गावे ओलांडते. ती सांगण्यास पट भरविणाराची परवानगी लागावी, असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. क्रिकेटच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न न्यायासनापुढे उभा राहिला.

१९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन बॉबी तल्यारखान यांनी नभोवाणीवरून केले. पुढे बाळ ज. पंडितांनी हा खेळ मराठीतून घरोघर पोहोचविला. ऐकणाराने ऐकावे आणि शेजाऱ्याला सांगावे, अशी ती रीत होती.

मालकीचा वाद प्रथम गाजला तो दूर सिडनीत. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानालगत एका गृहस्थाच्या आवारात उंच मचाण उभारले गेले. त्यावरून शर्यतीचे वर्णन नभोवाणीवर जाऊ लागले, तशी मैदानावरची गर्दी रोडावली. मालक न्यायालयात गेला. १९३७ साली तेथील उच्च न्यायालयाने निकाल दिला, की डोळ्यांना दिसणाऱ्या देखाव्यावर कुणाची मालकी नसते. कुंपण उंच करण्यास मालक मोकळा आहे!

आपल्याकडे २०१२ साली स्टार कंपनीने भारतातील सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क ३,८५१ कोटी रुपयांना घेतले. मग मोबाइलवर संदेशाने धावसंख्या कळविणाऱ्या कंपन्यांना तिने दिल्ली उच्च न्यायालयात खेचले. एका न्यायमूर्तींनी पंधरा मिनिटे थांबून धावसंख्या सांगावी, असा मध्यममार्ग काढला. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये खंडपीठाने तोही रद्द ठरविला. चित्रणावर आणि समालोचकाच्या शब्दांवर हक्क असतो. गडी बाद झाला, ही घटना मात्र सर्वांची, असा त्याचा मथितार्थ. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला.

पैसा ओतणाराची बाजू अगदीच पोकळ नाही. दुसऱ्याने पेरावे आणि आपण कापावे, हे कुणालाच रुचणार नाही. पण आज धावसंख्येला कुलूप लागले, तर उद्या निवडणुकीच्या निकालाला आणि बाजारातील धानाच्या भावालाही लागेल. सांगणाराच्या शब्दांचे मोल अवश्य द्यावे. घडलेली गोष्ट मात्र, ती पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सर्वांचीच राहिली पाहिजे.