ओव्हरकिल

ओव्हरकिल : मोटरहेड या ब्रिटिश हेवी मेटल बँडची दुसरी ध्वनिमुद्रिका. ध्वनिमुद्रण लंडन येथे. प्रकाशन ब्रॉन्झ रेकॉर्ड्सकडून, २४ मार्च १९७९. निर्माता जिमी मिलर. वादक : लेमी किलमिस्टर (गायन व बास गिटार), ‘फास्ट’ एडी क्लार्क (गिटार), फिल टेलर (ड्रम्स). एकूण गीते १०. लेमी आपल्या संगीतास आमरण रॉक अँड रोल म्हणत आला. येथे रूढ वर्गीकरण स्वीकारले आहे.

कॅनडाच्या सरहद्दीवर अमली द्रव्यांच्या आरोपाखाली अटक झाल्यामुळे १९७५ साली हॉकविंड या बँडमधून बडतर्फ झालेल्या लेमीने त्याच वर्षी मोटरहेडची स्थापना केली; परंतु युनायटेड आर्टिस्ट्सने करवून घेतलेले पहिले ध्वनिमुद्रण त्या कंपनीच्या दप्तरात पडून राहिले, आणि १९७७ साली चिझिक कंपनीतर्फे निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका अत्यल्प अवधीत उरकावी लागली. ब्रॉन्झनेही प्रथम ‘लुई लुई’ या जुन्या गीताच्या एका छोट्या तबकडीपुरताच करार केला होता. तिला बरा प्रतिसाद मिळाला, तेव्हा पूर्ण ध्वनिमुद्रिकेस मंजुरी लाभली. रोलिंग स्टोन्सच्या उत्तम कालखंडातील ध्वनिमुद्रिकांचा निर्माता असलेला मिलर त्यामुळे या त्रिकुटास मिळाला.

या कृतीचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः तिच्या शीर्षकगीतात आहे. ड्रम्सच्या सामान्य जुळणीत बास ड्रम एकच असून तो उजव्या पायाने वाजविला जातो. दोन बास ड्रम्स जिंजर बेकर, कीथ मून इत्यादींनी यापूर्वी वापरले होते. तथापि दोन्ही पायांची एकाआड एक पडणारी द्रुत थाप गीताच्या आरंभापासून अखेरपर्यंत अखंड चालवून त्याच थापेवर संपूर्ण रचना उभारणे, हे कार्य येथे ज्या निश्चयाने झाले, तसे पूर्वी क्वचितच झाले असेल. टेलरने सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, नव्याने घेतलेल्या दुसऱ्या ड्रमवर पाय बसावा म्हणून तो एकटाच सराव करीत असता सहकारी आत आले, त्यांनी त्यास थांबू दिले नाही, आणि त्या सरावातूनच गीत घडले. गीत संपले असे वाटावे तोच ती थाप पुन्हा सुरू होते, आणि असे एकदा नव्हे, दोनदा घडते.

लेमीचे बासवादनही तितकेच विचारार्ह आहे. मूळचा तालगिटारवादक असल्यामुळे तो रिकेनबॅकर बासवर सुट्या स्वरांऐवजी स्वरसंघात वाजवी, आणि मार्शल ध्वनिवर्धकावर खर्ज उतरवून मध्यम पट्टी चढवीत असे. परिणामी बास व गिटार यांच्यामधली नेहमीची पोकळी भरून जाऊन तीन वादकांचा नाद एखाद्या भिंतीसारखा सलग उभा राहतो. मोटरहेडच्या मैफलींतील ध्वनीचे डेसिबलमधील अनेक आकडे सांगितले जातात. त्यांची शहानिशा येथे अप्रस्तुत आहे, कारण घरातील ग्रामोफोनचा आवाज कमी ठेवूनही ही ध्वनिमुद्रिका मोठीच ऐकू येते, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या वाद्यरचनेत आहे.

इतर गीतांपैकी ‘मेट्रोपोलिस’ हे फ्रिट्झ लांगच्या त्याच नावाच्या मूकपटावरून सुचले. संथ लयीमुळे ते उठून दिसते. ‘डॅमेज केस’च्या लेखनात मिक फॅरनचा वाटा आहे. ‘नो क्लास’ची चाल झीझी टॉपच्या ‘टुश’शी मिळतीजुळती असल्याचे बोलले जाते. ‘लिंब फ्रॉम लिंब’मध्ये लेमीचे गिटारवादन ऐकावयास मिळते.

वेष्टनचित्र : जो पेटाग्नो.

ब्रिटिश विक्रीयादीत ध्वनिमुद्रिका २४व्या स्थानापर्यंत पोहोचली. ‘बॉम्बर’ ही पुढची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी, मिलरच्याच देखरेखीखाली निघाली. थ्रॅश मेटल या अमेरिकेत १९८०च्या दशकात फोफावलेल्या शाखेतील ड्रमवादनाच्या पायाभरणीत ‘ओव्हरकिल’चा मोठा वाटा मानला जातो. न्यू जर्सीतील एका थ्रॅश बँडने हेच नाव धारण केले, तर मेटॅलिकाने ‘ओव्हरकिल’ व ‘डॅमेज केस’ ही गीते स्वतः वाजवून १९९८ सालच्या ‘गॅरेज इन्क.’ या संग्रहात समाविष्ट केली.