भूवापर बदलाचे उपग्रह-मानचित्रण
एकाच प्रदेशाच्या वेगवेगळ्या काळांतील उपग्रह-प्रतिमांची तुलना करून शेती, वन, वस्ती, जलाशय व पडीक जमीन यांच्या क्षेत्रांतील बदल नकाशावर दाखविण्याची पद्धत. अमेरिकेच्या लँडसॅट-१ (१९७२) या उपग्रहाने तिचा पाया घातला. भारतात आयआरएस-१ए (१९८८) पासून स्वदेशी प्रतिमा मिळू लागल्या (पहा : दूरसंवेदन). हिरवी वनस्पती निकट-अवरक्त किरण परावर्तित करते, पाणी ते शोषते. या फरकावर वर्गीकरण आधारलेले असते. खरीप, रब्बी व उन्हाळी हंगामांच्या प्रतिमा एकत्र पाहाव्या लागतात, अन्यथा कापणी झालेले रान पडीक भासते. वर्गीकरणाच्या पडताळणीसाठी स्थळपाहणीही अपरिहार्य होय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेपूर्वी विद्यमान जमीन-वापर नकाशा आवश्यक असल्याने नगररचनेत, तसेच पाणलोट नियोजनात ही पद्धत विशेष उपयुक्त ठरते (पहा : नगररचना, पाणलोट क्षेत्र). मालकी हक्क मात्र प्रतिमेवरून कळत नाहीत. त्यासाठी अधिकार अभिलेख पाहावे लागतात.