नाममुद्रा आणि मजुरी

संगीत विकत घ्यावे की फुकट उतरवून घ्यावे, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी गेली काही वर्षे सातत्याने विचारीत आहेत. भ्रमणध्वनीवर बोट टेकले की गाणे येते. कोणाच्या घरात शिरावे लागत नाही, कोणाची पेटी रिकामी होत नाही. मग सातव्या आज्ञेचा भंग झाला तो कोठे, असा त्यांचा सरळ सवाल असतो. साधन नवे असले तरी हा प्रश्न नवा नाही. गीताची नक्कल करणे हे पुण्य की चोरी, याचा विचार महाराष्ट्राने आणि ख्रिस्तसभेनेही अनेक शतके केलेला आहे. नांदेड-लातूरच्या अंगणात उभे राहून या इतिहासाकडे पाहावे आणि मगच निर्णयाकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

लातूरहून जवळच असलेल्या अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी जतन केलेली आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. छापखाना नसलेल्या त्या काळी ग्रंथ टिकायचा तो दोनच मार्गांनी : कोणी तरी तो हाताने उतरवून घ्यावा किंवा कोणी तरी तो पाठ करावा. म्हणून नक्कल करणारा हा चोर ठरत नसे. तो ग्रंथाचा उपकारकर्ता ठरे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली गेली तरी लोकांच्या कंठात ती जिवंत होती, असे परंपरा सांगते; आणि संताजी जगनाडे यांनी उतरवून ठेवलेल्या वह्यांचे ऋण वारकरी आजही मानतात.

परंतु एवढ्यावरून त्या काळी रचनेवर कर्त्याचा काहीच हक्क नव्हता, असे समजणे चुकीचे होईल. अभंगाच्या शेवटच्या चरणात कर्त्याची नाममुद्रा असे. नामदेव, ज्ञानदेव, चोखोबा, जनाबाई या सर्वांनी ती वापरली. दासोपंत स्वतःस 'दिगंबरानुचर' म्हणवीत. अभंग कोणीही गावा, कोणीही उतरवावा. नाव मात्र बदलू नये, हा अलिखित दंडक होता. सालोमालो नावाचा कोणी कीर्तनकार तुकोबांच्या अभंगांत स्वतःचे नाव घालून ते गात असे, ही कथा प्रसिद्ध आहे. त्याने एक कवडीही चोरली नव्हती. तरीही मराठी मनाने त्याला तीनशेहून अधिक वर्षांत क्षमा केलेली नाही. महानुभाव पंथाने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. आपले ग्रंथ परक्या हाती पडून भ्रष्ट होऊ नयेत म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. आजच्या भाषेत ज्याला गुप्त कुलूप म्हणतात, ते मराठी माणसाने चौदाव्या शतकातच वापरून पाहिले होते. त्याची किंमतही मोजावी लागली : हे मौल्यवान साहित्य विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत उर्वरित महाराष्ट्राला जवळजवळ अज्ञात राहिले.

आता आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. त्यानंतर हे पुराण छापले जाण्याची आशाही मावळली. मग ते वाचले कसे? श्रद्धावंत कुटुंबांनी हाताने नकला केल्या, पिढ्यान्‌पिढ्या त्या जपल्या आणि अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची मुद्रित आवृत्ती काढली. नक्कल करणे हे मुळातच पाप असते, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा मुकुटमणी आज आपल्या हाती नसता.

युरोपातही हा वाद झाला. सहाव्या शतकात आयर्लंडमधील संत कोलुंबा यांनी आपले गुरू फिनियन यांच्या स्तोत्रग्रंथाची परवानगीवाचून नक्कल केली. तंटा राजापुढे गेला आणि वासरू जसे गाईच्या धन्याचे, तशी नक्कल मूळ पोथीच्या धन्याची, असा निवाडा झाला, अशी आख्यायिका आहे. संताला तो निवाडा मान्य झाला नाही आणि प्रकरण लढाईपर्यंत पोहोचले, असेही सांगतात. पोथीचा धनी कोण आणि पोथीतील स्तोत्रांचा धनी कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या राजाच्या लक्षात आले नसावे.

हस्तलिखितांच्या युगात प्रश्न मुख्यतः नावाचा होता. यंत्रयुगात तो मजुरीचाही झाला. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकड्या घडवण्यासाठी मूळ मुद्रण जर्मनीला पाठवावे लागे. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. यंत्रयुगातील हीदेखील एक नाममुद्राच! मात्र नाव उच्चारले म्हणून विक्रीतला वाटा मिळतोच असे नाही, हे पुढच्या काळात स्पष्ट झाले. स्वतंत्र भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ साली झाला. त्यानंतर १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता होय. त्याच निकालपत्राला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःची पुरवणी जोडली आणि गायकालाही हक्क असावा, अशी अपेक्षा नोंदविली. गायक-वादकांचे हक्क कायद्यात येण्यास त्यानंतरही १९९४ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात कॅसेट आली. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ज्यांनी ऐंशीचे दशक पाहिले आहे, त्यांना कोऱ्या कॅसेटमध्ये ग्राहकाच्या आवडीची गाणी भरून देणारी दुकाने आठवत असतील. १९८४ साली कायद्यातील शिक्षा वाढविण्यात आल्या, तरी चोरट्या कॅसेटींचा महापूर ओसरला नाही. याच काळात दिल्लीत फळांच्या रसाचे दुकान चालविणाऱ्या कुटुंबातील गुलशनकुमार यांनी टी-सिरीज ही कंपनी उभी केली. जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेण्याची कायद्यातील मुभा त्यांनी पुरेपूर वापरली; ते योग्य की अयोग्य, यावर पुढे न्यायालयांत खल झाला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात या काळाचा सविस्तर अभ्यास मांडला. त्याचे एक निरीक्षण आपण विसरता कामा नये : स्वस्त कॅसेटमुळे एकदोन बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीभाषांतील, लोकपरंपरेतील संगीताला प्रथमच बाजार मिळाला. मराठवाड्यातील वाड्यावस्त्यांवर भीमगीते, भारुडे, भजने पोहोचली ती याच मार्गाने.

मात्र याच भीमगीतांच्या इतिहासात आपल्या प्रश्नाचे मर्म दडलेले आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते रचली. जुन्या संतांप्रमाणेच शेवटच्या कडव्यात 'वामन' ही मुद्रा ते घालीत. गावोगावच्या गायनपार्ट्यांनी ही गीते उचलली, आणि त्यांनी ती उचलावीत हीच कवीची इच्छा होती. चळवळीचे गीत तिजोरीत ठेवून चालत नाही. परंतु चळवळीत गायिलेले गीत आणि बाजारात विकलेली कॅसेट यांत फरक आहे. जेथे गीतातून पैसा निर्माण होतो, तेथे त्या पैशातील न्याय्य वाटा कवीच्या चुलीपर्यंत पोहोचला पाहिजे. शेवटच्या कडव्यातील मुद्रेने नाव राखले जाते. मजुरीची व्यवस्था मात्र समाजाला वेगळी करावी लागते.

हे सत्य मराठवाड्यातील आपल्या बंधुभगिनींना ग्रंथातून शिकण्याची गरज नाही. येथील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावगाड्यात राबले. लग्नात, जत्रेत, पोळ्याला हलगी वाजवायची ती त्यांनी. वाजवल्यावर पदरात पडेल ते उष्टेखरकटे किंवा मूठभर धान्य घ्यायचे आणि मुकाट्याने जायचे. वाजविणाऱ्याची कला सर्वांना हवी, पण तिचे मोल ठरविण्याचा अधिकार त्याला नाही, याचेच नाव वेठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने आपल्या समाजांनी हे जू झुगारून दिले. ज्यांच्या आजोबांनी फुकट हलगी वाजविण्यास नकार दिला, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याची हलगी फुकट मागावी काय? आमच्या मते या वादातील सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे.

पुढचा इतिहास वेगाने घडला. १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर सुरू झाले आणि लक्षावधी लोक परस्परांच्या संगणकांतून गाणी उतरवू लागले. न्यायालयीन लढ्यानंतर २००१ साली ते बंद पडले. २००३ साली अ‍ॅपल कंपनीने एकेक गाणे ९९ सेंटला विकण्यास आरंभ केला. आपल्याकडे कॅसेट भरून देणारी दुकानेच काही रुपयांत मेमरी कार्ड भरून देऊ लागली. २०१२ साली कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशांनी शंभराहून अधिक संकेतस्थळे रोखण्यात आली. पण त्याच वर्षीची दुसरी घटना आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. मे २०१२ मध्ये संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती केली. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य व कवी जावेद अख्तर यांनी तीसाठी आग्रह धरला होता. चित्रपटगृहाबाहेर गीताचा जो वापर होईल, त्याच्या मानधनातील समान वाटा गीतकार व संगीतकाराला मिळावा आणि तो हक्क करारानेही कोणाला हिरावून घेता येऊ नये, असे तीत ठरले. म्हणजे तोपर्यंत रीतसर पैसे मोजून गाणे घेणाऱ्याचाही रुपया कवीपर्यंत पोहोचेलच, अशी शाश्वती नव्हती. विकत घेतले की न्याय झाला, असे समजून चालत नाही, हा या इतिहासाचा दुसरा धडा आहे. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट खेडोपाडी पोहोचले. आता जाहिराती सोसून गाणी विनामूल्य व रीतसर ऐकता येतात. तेथे चोरीचा आरोप करता येणार नाही. कलावंताच्या हाती अल्प मोबदला पडतो, हा प्रश्न मात्र उरतोच.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही बाजूंचे भान ठेवते. पृथ्वीवरील साधने परमेश्वराने सर्वांसाठी दिली आहेत, हे तिचे पहिले सूत्र. आणि श्रमिकाची मजुरी रोखून धरणे हे घोर पातक होय, हे दुसरे. संत याकोबाने आपल्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वरापुढे आक्रोश करते, असे बजावले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'चेंतेसिमुस आन्नुस' या विश्वपत्रात ज्ञान आणि कौशल्य ही आधुनिक काळातील मालमत्ता असल्याचे म्हटले. तर १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ असेही सांगतो की, मालकाची संमती गृहीत धरता येत असेल, किंवा त्याचा नकार विवेकाला धरून नसेल, तर ती चोरी ठरत नाही.

हे सारे आपल्या नित्य व्यवहारास लावून पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना सर्वांची होते. त्यांची भजने नि:संकोच उतरवावीत, छापावीत. फक्त नाव गाळू नये. धार्मिक विधीच्या ओघात गीत गाण्यास वा वाजविण्यास कायद्याच्या ५२व्या कलमात सूट आहे. म्हणून मिस्साबलिदानात नवे गीत गाताना मनात भीती नको. पण हीच सूट त्या गीताचे पुस्तक छायाप्रतींनी वाटण्यास किंवा ध्वनिफीत घरोघरी उतरवून देण्यास लागू होत नाही. जी रचना बाजारात कोठेच मिळत नाही, तिची नक्कल करून ती जपणारा ख्रिस्तपुराणाच्या लेखनिकांचाच वारस होय. जो कवी आपले गीत स्वखुशीने सर्वांना देतो, त्याचे दान कृतज्ञतेने घ्यावे.

राहिला तो जिवंत कवी, जिवंत गायक आणि त्यांची विकाऊ कृती. हिंदी चित्रपटगीताला कोट्यवधी श्रोते असतात. मराठी उपासनासंगीताला मोजकी कुटुंबे. एखाद्या धर्मप्रांतातील तरुणांनी पदरमोड करून दहा गीतांचा संच काढला, पहिला संच एकाने विकत घेतला आणि उरलेल्यांनी त्याच्याकडून उतरवून घेतला, तर कोणाची पेटी फुटलेली दिसणार नाही. पण दुसरा संच निघणार नाही. न निघालेल्या गीताचा आवाज कोणाच्याच कानी पडत नाही, म्हणून ही हानी आपल्या ध्यानात येत नाही. नाताळच्या खरेदीत फराळाला, कपड्याला, रोषणाईला जागा असते; त्यात एका मराठी गीतसंचाला आणि सणाला येणाऱ्या पेटीवाल्या-तबलजीच्या ठरलेल्या मानधनालाही जागा असावी. नाव राखणे आपल्या संतांनी आपल्याला शिकविले आहे. मजुरी राखणे हे आपल्या पिढीकडे आलेले काम आहे.