संकासुराचा समुद्र

समुद्राला तळ असतो आणि तिथे काहीबाही दडलेलं असतं, हे मला शाळेआधी दहीकाल्यातल्या संकासुरानं शिकवलं.

काळा झगा, तोंडावर काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. यानं ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले आणि समुद्रात दडवलेले. ते परत आणायला विष्णूनं मासा व्हायचं. देवळासमोर पाण्याचा थेंब नाही, सीनरी नाही. एक लाकडी बाक, पेटी, झांज, पखवाज. पखवाज घुमायला लागला की आम्ही पोरं पाणी खोल झालं असं धरून चालायचो. देव पुस्तकी मराठीत बोलायचे, हा मात्र आमच्यासारखा मालवणीत. त्यामुळे भीती वाटायची आणि हसूही यायचं. घरचे मासेवाले समुद्राबद्दल असंच बोलतात, हे खूप नंतर लक्षात आलं.

मराठी नाटकाचा इतिहास आपण १८४३ पासून मोजतो, सांगलीतल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून. पण दशावतारी त्याच्या कितीतरी आधीचे. सतराव्या शतकातल्या दासबोधात ते आहेत. नखरे करणाऱ्या सुंदर बायका म्हणजे आतून धटिंगण पुरुष, हेही रामदासांनी टिपून ठेवलंय!

संकासुर येतो तो आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात. गेल्या जत्रेला तो भागच गाळला. लोकांना थेट आख्यान हवं होतं. भाची मांडीवर पेंगत होती.

"मामा, संकासुर येवचो नाय?"

बाकावर राजा येऊन बसला होता.