भोंगा कोणाचा?

काही हौशी मंडळी मोठ्या ट्रकवर आगगाडीचा भोंगा बसवतात. अमेरिकेत असे भोंगे बाजारात मिळतात. गंमत अशी, की हा भोंगा घडला तो आगगाडी ट्रकसारखी वाजू नये म्हणून!

उत्तर अमेरिकेत 1940 च्या सुमारास रुळांवर डिझेल इंजिने वाढू लागली. शिट्टीसाठी आता वाफ नव्हती. ब्रेकसाठी दाबलेली हवा मात्र होती. तिच्यावर वाजणारा एकसुरी भोंगा इंजिनावर आला. ट्रकचा भोंगाही तसाच असे. रेल्वे क्रॉसिंगवर मोटारचालकांची फसगत होई, अपघात होत.

कॅनडातील अभियंते रॉबर्ट स्वॅन्सन यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय काढला. भोंग्यात हवेच्या झोताने पातळ पडदा थरथरतो. पुढचा कर्णा जितका लांब, तितका स्वर खालचा. निरनिराळ्या लांबीचे पाच-सहा कर्णे एकदम वाजवून त्यांनी जुन्या शिट्टीच्या जवळ जाणारा स्वरमेळ साधला.

2005 च्या अमेरिकी नियमाप्रमाणे इंजिनापुढे 100 फुटांवर ही पातळी 96 ते 110 डेसिबल हवी. अंतर दहा फुटांवर आले, की तीत सुमारे 20 डेसिबलची भर पडते. रस्त्यावर ट्रकशेजारून चालणाऱ्याच्या कानांचे काय होईल, हे आपण ताडू शकतो.

शिवाय, इशारा ऐकू येणे ही अर्धीच गोष्ट. तो कोणाचा हेही कळावे लागते. आगगाडीचा भोंगा ट्रकवर चढला, की स्वॅन्सन यांनी सोडवलेला घोटाळा आपण उलट बाजूने परत आणतो.